इटलीतला उन्हाळा आणि हलक्या, गार वाइन: काय मागवावं, काय टाळावं?

वाटसरू_मिलान (१४ जून, रात्री ९:४०)

जून उजाडला की ओळखीपाळखीतून निरोप यायला लागतात: "आम्ही जुलैत इटलीला येतोय, वाइन कुठली प्यायची ते सांगून ठेव." बहुतेकांच्या मनात बारोलो, ब्रुनेल्लो, आमारोने ही नावं आधीच पक्की असतात. तिन्ही थोर वाइन आहेत, पण त्या थंडीच्या, तासन्‌तास शिजलेल्या मांसाबरोबरच्या. फिरेन्झेत (फ्लॉरेन्समध्ये) पारा ३७ वर असताना भर दुपारी १५ टक्क्यांची आमारोने घेतली तर पुढची संध्याकाळ हॉटेलच्या पलंगावरच जाणार. इथली माणसं उन्हाळ्यात असं करत नाहीत. त्यांचं पिणं ऋतूप्रमाणे बदलतं, आणि तेच इथे सविस्तर मांडावंसं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की उन्हाळ्यात नावाजलेपणापेक्षा आंबटपणा बघा. उन्हात पन्ह्याला जी तरतरी कैरी आणते, ती वाइनला तिच्यातलं आम्ल आणतं. द्राक्ष पिकत जातं तशी साखर वाढते आणि आम्ल घटतं. साखर वाढली की अल्कोहोलही वाढतं. रात्री गरम असतील तर आम्ल भराभर जातं. रात्री गार वारा सुटला तर टिकून राहतं. म्हणून समुद्रकाठच्या नाहीतर डोंगरउतारावरच्या वाइन शोधायच्या.

दुकानात उभं राहून हे कसं ओळखायचं? अल्कोहोलचा आकडा प्रत्येक बाटलीवर छापलेला असतोच. ११ ते १२.५ टक्के असेल तर दुपारच्या जेवणाला बिनघोर घ्या. दुसरं म्हणजे साल, ज्याला इथे 'आन्नाता' म्हणतात: द्राक्षं कुठल्या वर्षी तोडली ते. डीओसी (ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या द्राक्षांपासून, नियमांप्रमाणे केल्याचा शिक्का) आणि तिच्याहून कडक डीओसीजी, या दोन्ही दर्जांच्या न फेसाळणाऱ्या वाइनवर साल छापावंच लागतं. या उन्हाळ्यासाठी गेल्या वर्षीची तोडणी उत्तम. तीनचार वर्षं दुकानाच्या काचेत उन्हं खात उभी असलेली स्वस्त पांढरी वाइन तिथेच राहू द्या.

माझी सगळ्यात लाडकी आहे वेरमेंतिनो, त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. वायव्य किनाऱ्यावरच्या लिगुरियात डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्या उतारावर चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे घालून पायऱ्या केल्यात. चिंक्वे तेर्रेची पाच गावं अशाच पायऱ्यांवर वसली आहेत; युनेस्कोने १९९७ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हटलं. तिथे ट्रॅक्टर जाणंच शक्य नाही, तोडलेली द्राक्षं बऱ्याच ठिकाणी एकाच रुळावरून चालणाऱ्या छोट्या गाडीने वर-खाली नेतात. या किनाऱ्याच्या वेरमेंतिनोत लिंबाची साल, रानटी झुडपांचा वास, किंचित खारटपणा आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा असतो. तुळशीच्या जातीच्या बाझिलिकोची ताजी चटणी, म्हणजे पेस्तो, लावलेला पास्ता आणि ही गार वाइन ही जोडी मला इटलीतल्या कुठल्याही महागड्या जेवणापेक्षा वरची वाटते. आल्बेंगाच्या बाजूला 'पिगातो' नावाची वाइन मिळाली तरी घ्या, तपासणीत ते द्राक्ष वेरमेंतिनोच निघालं आहे. पिएमोंतेत त्यालाच फावोरिता म्हणतात.

सार्डिनियातही वेरमेंतिनो होते. गाल्लुरा भागात जमीन ग्रॅनाइटची, वारा सतत. वेरमेंतिनो दि गाल्लुराला १९९६ मध्ये डीओसीजी मिळाली आणि त्या बेटावरची ती एकमेव. पण ती अंगाने भरीव असते, अनेकदा १३ टक्क्यांच्या पुढे. भाजलेल्या माशाबरोबर रात्री छान, दुपारी जरा जपून.

बाकीच्या प्रदेशांबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

लिंबलोण (१४ जून, रात्री ११:०५)

धागा वाचून फार बरं वाटलं. मी आंकोनाजवळ राहते, त्यामुळे वेर्दिक्क्यो या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची बाजू मांडणं माझ्याकडेच आलं.

मार्के प्रांतात या द्राक्षाच्या दोन वाइन होतात. येझीच्या आसपासची (वेर्दिक्क्यो देई कास्तेल्ली दि येझी) समुद्राकडे उघड्या टेकड्यांवरची, आणि मातेलिकाची आतल्या दरीतली. आपेन्नीनो डोंगररांगेतून निघालेल्या इथल्या बहुतेक दऱ्या समुद्राकडे जातात, मातेलिकाची दरी मात्र उत्तर-दक्षिण पसरलेली, दोन्हीकडून डोंगरांनी बंद. समुद्राची ऊब तिथवर पोचत नाही, रात्री थंडगार. त्यामुळे मातेलिकाची जास्त आंबट, जास्त ताठ.

दुकानात कमरेला बारीक, जुन्या मातीच्या कुंभासारख्या घाटाची हिरवी बाटली दिसली तर ती येझीची. १९५० च्या दशकात हा घाट आला आणि त्यामुळेच ही वाइन जगभर पोचली. पुढे त्याच बाटलीमुळे लोक तिला पर्यटकांची वाइन समजू लागले, हे मला अन्यायाचं वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी भांडणार. "गेल्या वर्षीचीच घ्या" हा नियम वेर्दिक्क्योला लावू नका. साधी बाटली ताजी प्यावी, कबूल. पण 'रिझेर्वा' (जास्त काळ मुरवलेली) असं लिहिलेली पाचसात वर्षांची वेर्दिक्क्यो उन्हाळ्यातही तितकीच तरतरीत लागते, कारण मूळचं आम्लच इतकं आहे. वर बदाम आणि मधाची झाक येते ती वेगळी. शिंपल्यांबरोबर, तळलेल्या छोट्या माशांबरोबर घेऊन बघा.

---

वाटसरू_मिलान (१४ जून, रात्री ११:३०)

लिंबलोण ताई, रिझेर्वाबद्दल पूर्ण सहमत. सालाची अट दहा युरोच्या आतल्या, टाकीत केलेल्या साध्या पांढऱ्या वाइनसाठी आहे असं धरा. त्या स्टीलच्या गार टाकीत आंबवतात, लाकूड लागू देत नाहीत, आणि फळाचा ताजा वास हीच त्यांची सगळी पुंजी असते. तो वास उडाला की उरतं फक्त आंबट पाणी.

---

निफाडचा (१५ जून, सकाळी ७:१५)

आमच्याकडे खायच्या द्राक्षाचे मांडव असतात. वाइनच्या द्राक्षाला तारा ओढून सरळ ओळी करतात, तेच योग्य असं शिकवलं जातं. पण इटलीच्या उत्तरेकडच्या फोटोंत वाइनच्या द्राक्षालाही मांडव दिसतात. ते कसं काय? आणि अशा मांडवाखालची वाइन हलकी असते का?

---

आडवाट (१५ जून, सकाळी ९:५०)

निफाडचा, बरोबर पाहिलंत. त्याला तिथे 'पेर्गोला' म्हणतात. शिक्षणाच्या निमित्ताने काही वर्षं उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या बोल्झानोत होतो, तिथे सगळीकडे हेच. पानांचं छत वर आणि घड खाली सावलीत लोंबत असतात, त्यामुळे ऊन थेट लागत नाही, हवाही खेळती राहते. नंतर तारांची पद्धत आली, मांडव मोडले गेले. आता उन्हाळे तापायला लागल्यावर सावलीत पिकणाऱ्या घडाचं आम्ल टिकतं म्हणून मांडवाला पुन्हा मान मिळतोय.

या मांडवांखालच्या दोन वाइन या धाग्यात याव्यातच. एक सोआवे, वेरोनाच्या पूर्वेला. मुख्य द्राक्ष गार्गानेगा, नियमाप्रमाणे निदान ७० टक्के. 'क्लासिको' लिहिलेली बाटली जुन्या टेकड्यांवरची असते आणि त्यातल्या बऱ्याच टेकड्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या. सह्याद्रीही त्याच जातीच्या, बसाल्टच्या दगडाचा, त्यामुळे तिथे फिरताना मला पाय घरच्या जमिनीवर असल्यासारखं वाटायचं. चव मऊ, पांढऱ्या फुलांची, शेवटी कडू बदाम. सपाटीवरची साधी सोआवे निर्जीव निघू शकते, दोन-तीन युरो जास्त देऊन क्लासिको घ्यावी.

दुसरी आहे स्कियावा. जर्मन बोलणारे तिला फेरनाच म्हणतात. ही लाल वाइन आहे! रंग इतका फिका की ग्लासातून पलीकडचं दिसतं, तुरटपणा जवळजवळ नाही, अल्कोहोल १२ च्या आसपास. काल्तेर्न तळ्याच्या काठची आणि बोल्झानोजवळची सांता माद्दालेना प्रसिद्ध. १३-१४ अंशांवर गार करून, धुरावलेल्या 'स्पेक' मांसाच्या पातळ चकत्यांबरोबर पितात. लाल वाइन गार करायची नसते असं ज्यांना सांगितलं गेलंय त्यांनी इथून सुरुवात करावी.

---

जास्वंद (१५ जून, दुपारी १:२०)

मला आंबट अजिबात आवडत नाही. आणि तिथल्या प्रत्येक हॉटेलात पिनो ग्रिज्योच पुढे करतात, ती पाण्यासारखी लागते. माझ्यासारखीने काय घ्यावं?

---

वाटसरू_मिलान (१५ जून, सायंकाळी ६:४५)

जास्वंद, तुमच्यासाठी मोस्कातो द'आस्ती. पिएमोंतेतल्या कानेल्लीच्या टेकड्यांवरची, अल्कोहोल साधारण ५ टक्के, अगदी बारीक फेस, पीच आणि संत्र्याच्या फुलांचा वास. रसाचं आंबणं मध्येच थंडी देऊन थांबवतात म्हणून द्राक्षाची बरीच साखर तशीच राहते. गोड असूनही चिकट लागत नाही कारण खाली आम्ल असतंच, फक्त ते साखरेमागे दडलेलं असतं. जेवणाच्या शेवटी फळांबरोबर, नाहीतर सकाळी अकराच्या सुमारास नुसतीच. उघडल्यावर त्याच दिवशी संपवा.

पिनो ग्रिज्योबद्दल: उत्तर इटलीच्या सपाटीवर तिचं अमाप पीक घेतात, वेलीवर घड जास्त तर रसात जीव कमी. आल्तो आदिजेची (बोल्झानोचा डोंगराळ भाग) किंवा ईशान्येकडच्या फ्रिउलीतल्या कोल्लियोची घेऊन बघा, द्राक्ष तेच आहे यावर विश्वास बसणार नाही. या द्राक्षाची साल मुळात पांढरी नसून राखाडी-गुलाबी असते. फ्रिउलीत काहीजण रस काही तास सालीवर ठेवून तांब्याच्या रंगाची 'रामातो' करतात, तीही उन्हाळ्याला उत्तम.

प्रोसेक्को, म्हणजे ईशान्य इटलीची फेसाळ पांढरी वाइन, घेताना सगळ्यांनीच एक लक्षात ठेवावं. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे सगळ्यात कोरडी असं वाटतं, पण तसं नाही! ब्रूतमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि नुसतं 'ड्राय' लिहिलेल्यात १७ ते ३२. म्हणजे जास्वंद यांनी ड्राय मागावी आणि ज्यांना गोड नको त्यांनी ब्रूत. शक्य असेल तर कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेनेच्या टेकड्यांवरची घ्या. तो उतार इतका खडा आहे की तोडणी हातानेच होते.

---

खवय्या_दादर (१५ जून, रात्री १०:१०)

छान चर्चा. मी लालवाला माणूस. स्कियावा लिहून घेतली. बोलोन्या-मोदेनाला जाणार आहोत, तिथे उन्हाळ्यात काय? तिथली फेसाळ लाल लांब्रुस्को गोड सोड्यासारखी असते असं ऐकून आहे.

---

वाटसरू_मिलान (१५ जून, रात्री १०:५५)

तुम्ही ऐकलेली लांब्रुस्को वेगळी. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेला जी गोड लांब्रुस्को जहाजं भरभरून गेली तिने या वाइनचं नाव बिघडवलं. मोदेनात 'सेक्को', म्हणजे कोरडी मागा, आणि त्यातही लांब्रुस्को दि सोर्बारा.

सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांमधल्या सपाट जमिनीवर ही वेल वाढते. तिची फुलं फक्त मादी गुणाची असतात, स्वतःचं परागीभवन स्वतः करू शकत नाहीत. म्हणून तिच्या शेजारी सालामिनो नावाची दुसरी लांब्रुस्को लावावी लागते. तरीही घडात मणी विरळच धरतात. या विरळ घडातून जी वाइन होते ती फिक्या गुलाबी-लाल रंगाची, खळखळत्या फेसाची आणि चांगलीच आंबट. आता ताटात काय असतं ते बघा: मोर्तादेल्ला आणि प्रोश्युत्तो (डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या), पार्मिज्यानो चीज, तळलेला 'न्योक्को फ्रित्तो', म्हणजे मऊ पिठाचे फुगलेले चौकोन. सगळं तुपकट, खारट. त्या प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ करायला हा फेस आणि हे आम्ल लागतंच. त्या प्रदेशाच्या जेवणाला याहून नेमकी वाइन नाही. फ्रिजमधून काढून थेट ओता. गडद रंगाची, थोडी तुरट हवी असेल तर लांब्रुस्को ग्रास्पारोस्सा दि कास्तेल्वेत्रो.

---

सोनकी (१६ जून, सकाळी ८:३०)

एक बाळबोध प्रश्न. वाइन द्राक्षाची म्हणजे शाकाहारीच ना? घरी आई कडक शाकाहारी, तिला एक घोट तरी द्यावा म्हणते आहे.

---

आडवाट (१६ जून, सकाळी ९:१५)

सोनकी, प्रश्न अगदी रास्त आहे. वाइन नितळ करायला काही जण अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशापासूनचा एक पदार्थ वापरतात. तो गाळासोबत खाली बसतो आणि काढला जातो, पण वापरलेला असतो. अंडं किंवा दूध यांचा अंश राहिला असेल तर युरोपात लेबलवर लिहावंच लागतं. माशाच्या पदार्थाला ती सक्ती नाही. त्यामुळे नुसतं लेबल कोरं आहे म्हणून भागत नाही. बरेच उत्पादक आता बेंटोनाइट नावाची माती वापरतात. बाटलीवर 'वेगान' लिहिलेलं किंवा त्याचं चिन्ह शोधा, आईंना निर्धास्त देता येईल.

---

दर्यावर्दी (१६ जून, दुपारी ३:४०)

जहाजावर नोकरी, नापोली (नेपल्स) आणि सिसिलीची बंदरं ओळखीची. धाग्यात दक्षिण आलीच नाही म्हणून लिहितो. दक्षिण म्हणजे कडक ऊन, म्हणून वाइनही जड, हा समज खरा नाही.

नापोलीच्या उत्तरेला आवेर्सा आहे. तिथे आस्प्रिन्यो नावाच्या द्राक्षाच्या वेली पॉप्लरच्या झाडांवर चढवलेल्या असतात, पार १५ मीटरपर्यंत! हिरवी भिंतच दिसते. तोडणाऱ्याला अरुंद, उंच शिडीवर चढून टोपली भरावी लागते. आता असे मळे फार थोडे उरलेत. वाइन मात्र अशी की पहिल्या घोटाला डोळे मिटावेत इतकी आंबट. म्हशीच्या दुधाच्या ताज्या मोत्सारेल्ला चीजबरोबर ती घेतली की दोन्ही एकमेकांना सावरून घेतात. आवेर्साची मोत्सारेल्ला प्रसिद्धच आहे, म्हणजे एकाच गावात दोन्ही.

पिझ्झ्याबरोबर ग्रान्यानो मागा. सोर्रेंतोच्या बाजूची फेसाळ लाल, ती गारच देतात. पांढरी फालांगीना तर कुठेही मिळेल, तळलेल्या माखलीबरोबर निर्धोक निवड.

सिसिलीत एत्ना ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर मीलो गाव आहे. 'एत्ना ब्यांको सुपेरियोरे' हे नाव फक्त या गावच्या हद्दीतल्या वाइनलाच लावता येतं. द्राक्ष कार्रिकांते. खाली कातानियात अंगाची लाही होत असते आणि वर मीलोत संध्याकाळी स्वेटर लागतो, ते गारवेपण वाइनमध्ये उतरतं. लालमध्ये वित्तोरियाची फ्राप्पातो. स्ट्रॉबेरीचा वास, हलकं अंग. गार करून भाजलेल्या ट्यूनाबरोबर घ्यावी. माशाबरोबर लाल चालत नाही म्हणणाऱ्यांना मी हीच देतो.

---

लिंबलोण (१६ जून, सायंकाळी ७:०५)

दर्यावर्दी, तुम्ही आब्रुत्सो ओलांडून गेलात! आमच्या शेजारचा प्रांत आहे म्हणून सांगते: चेरासुओलो द'आब्रुत्सो. मोंतेपुल्च्यानो द्राक्षाची साल रसात थोडाच वेळ ठेवतात, रंग पिकल्या चेरीचा. गुलाबी वाइन म्हटल्यावर जे फिकट, सुगंधी पाणी डोळ्यांसमोर येतं त्यापेक्षा ही बरीच ठसठशीत, मसालेदार जेवणाला टिकणारी. आमच्या घरी ती झणझणीत कोलंबीच्या रश्श्याबरोबरही चालते. त्याउलट गार्दा तळ्याकाठची बार्दोलिनोची क्यारेत्तो नाजूक, कोर्विना द्राक्षाची, नुसती पीत बसायला चांगली.

---

खवय्या_दादर (१६ जून, रात्री ९:२०)

वाइनमध्ये बर्फ टाकावा का? इथे सगळे टाकतात.

---

वाटसरू_मिलान (१६ जून, रात्री ९:५०)

चांगल्या वाइनमध्ये नको, पाणी होतं. बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फात ठेवण्यापेक्षा पाण्यात लवकर, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. फेसाळ ६-८ अंश, पांढरी ८-१०, हलकी लाल १२-१४. फार गारठवू नका, वास मरतो. आणि ग्लास अर्ध्याच्या वर भरू नका, उन्हात ती दहा मिनिटांत कोमट होते.

बर्फ हवाच असेल तर सरळ स्प्रित्झ करा: तीन भाग प्रोसेक्को, दोन भाग अपेरोल (नारिंगी, कडवट-गोड मद्य), एक भाग सोडा, ग्लासभर बर्फ, संत्र्याची चकती. वेनेतोत संध्याकाळी सातला हेच चालतं.

---

मुक्ता_पुणे (१७ जून, सकाळी १०:३०)

हे सगळं वाचून हुरूप आला, पण पुण्यात यातलं काय मिळणार? किमती बघून छाती दडपते.

---

निफाडचा (१७ जून, दुपारी १२:१०)

मुक्ताताई, आयात शुल्क बरीच वर्षं १५० टक्के राहिलंय, वर राज्याचा कर. म्हणून तिथली सहा युरोची बाटली इथे त्या किमतीत मिळणं अवघड. गोव्यात कर कमी, तिथे गेलात तर बघा.

पण खरं सांगू का, हलक्या वाइनला प्रवास मानवत नाही. त्यापेक्षा इथलीच ताजी घ्या. नाशिकच्या पांढऱ्या वाइन, शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, गार करून उन्हाळ्यात चांगल्या लागतात. आमच्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च, त्यामुळे साल चालू किंवा गेल्या वर्षाचंच मागा. इटलीशी धागा हवा असेल तर सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. तिथली फ्रातेली ही कंपनी इटलीच्या सेच्ची बंधूंनी मोहिते-पाटील आणि सेखरी कुटुंबांबरोबर उभी केली, वाइन करायला तोस्कानाचे (टस्कनीचे) पिएरो मासी आले. तोस्कानाचं सांज्योवेझे द्राक्ष आज अकलूजच्या रानात पिकतं. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

---

जास्वंद (१७ जून, रात्री ८:४५)

मोस्कातो मिळाली! भावाने येताना आणली. बरोबर कुठलं फळ घेऊ? आणि इटलीत फळं वाइनमध्ये बुडवून खातात ते काय असतं?

---

दर्यावर्दी (१७ जून, रात्री ९:३०)

जास्वंद, मोस्कातोबरोबर हापूस नको, त्याचाच वास वरचढ होईल. लिची किंवा पीच घ्या. बुडवून खातात ती नापोलीकडची पद्धत: पेर्कोका नावाचं पिवळं, घट्ट गराचं पीच कापून वाइनच्या भांड्यात टाकतात, तासभर फ्रिजमध्ये ठेवतात आणि जेवणानंतर आधी फोडी खाऊन मग ती वाइन पितात. त्याला साधी, कोरडी घरगुती वाइनच लागते. तुमची मोस्कातो त्यात घालू नका, ती नुसतीच प्या, आणि बाटली लहान असेल तर आठ दिवसांत उघडा, मेच्या-जूनच्या उकाड्यात कपाटात ठेवू नका.